गाणं थांबवणारा हात

बेनावदानं उजवा हात वर केला की गाणं थांबायचं. यात तिखटमीठ काही नाही. गाणारा कितीही मोठा असो, शब्द अर्धा जिभेवर असो, ढोल वाजवणाऱ्याचा तळवा कातड्यापासून बोटभर अंतरावर असो, आमच्या सिदी बेल अब्बास गावातल्या कुठल्याही लग्नात तो हात वर गेला की सगळं जागच्या जागी गप्प. नाचणारेसुद्धा एका पायावर थांबायचे. मग ज्यानं बेनावदाच्या मुठीत नोट सरकवली असेल त्याच्या तोंडाशी तो कान न्यायचा, नीट ऐकून घ्यायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि पुकारा द्यायचा.

"हा पुकारा रेल्वेच्या शेडमधल्या पोरांकडून, नवऱ्यामुलाच्या बापासाठी, अख्ख्या गल्लीसाठी, आणि ज्यांना आमचं चांगलं झालेलं बघवत नाही त्यांच्या नाकावर टिच्चून."

शेवटचा तुकडा ठरलेला असायचा. त्याच्याशिवाय पुकारा म्हणजे मिठाशिवाय रस्सा. हात खाली आला की गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं. पण ज्यांच्या नाकावर टिच्चून झालं ते काय हातावर हात धरून बसणार होते? त्यांच्यातला कोणी तरी तरातरा उठायचा, बेनावदाच्या मुठीत आपली नोट कोंबायचा, आणि हात पुन्हा वर. एकेक गाणं दुपारभर चालायचं. राजधानीकडचे पाहुणे वैतागायचे, म्हणायचे, गाणं धड ऐकू तरी द्या. अहो, गाणंच ऐकायचं तर घरी रेडिओ होता की. आमच्याकडे लग्नाला माणसं आपलं नाव ऐकायला जायची.

हा धंदा त्याला बापाकडून आला. बाप आठवड्याच्या बाजारात दवंडी द्यायचा. कुणाचं गाढव हरवलं, कोण वारलं, कधी पुरायचं, धान्याचा भाव काय, सगळं त्याच्या तोंडून. मग नगरपालिकेनं चौकात खांब रोवला आणि वर भोंगा बसवला. बापाला सांगितलं, आता तू घरी बस. तो घरी बसणाऱ्यांतला नव्हता. रोज सकाळी त्या खांबाखाली उभा राहायचा आणि भोंगा जे सांगेल तेच पुन्हा ओरडून सांगायचा, जास्त स्पष्ट. लोक हसायचे, पण थांबायचे त्याच्यापाशी. का, तर भोंग्याला उलटून विचारता येत नव्हतं. बापाला विचारता यायचं, "गाढव कुठल्या रंगाचं?"

बेनावदा यंत्रांचा शत्रू होता असं कुणी समजू नये. माईक आला तेव्हा त्यानं तो असा काही हातात धरला, जसा काही आईच्या पोटातून घेऊन आला होता. कॅसेटचं यंत्र आलं तेव्हा तर त्याचं राज्यच आलं. लग्नात गाणाऱ्याच्या पायाशी लोकांच्या यंत्रांचा ढीग लागायचा, प्रत्येकाचं लाल बटण दाबलेलं. दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट न्हाव्याच्या दुकानात, ओरान शहराच्या बसमध्ये, आणि महिन्याभरात समुद्रापलीकडे मार्सेयला. तिकडे कारखान्यातून थकून आलेला आपला माणूस खोलीवर कॅसेट लावायचा, गाण्याच्या मध्ये बेनावदाचा आवाज यायचा, आणि त्यात त्याच्या भावाचं, त्याच्या गल्लीचं, कधी खुद्द त्याचं नाव. गडी तिथल्या तिथं रडायचा.

"तुझ्या घशाला मीठ लावून ठेवायला हवं," त्याची बायको झोहरा म्हणायची. "घरात मात्र पाणी मागायलासुद्धा आवाज फुटत नाही."

"घरात पुकारा द्यायला नोट कोण देतंय?"

"मी देते. घे, आणि गप्प बस."

आता त्या पुकाऱ्याचं सांगतो ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो.

आमच्या गावात एक विधवा होती. बायकांच्या हमामात, गावाच्या न्हाणीघरात, पाठी घासायची. नवरा लवकर गेला, एक पोरगा, एक पोरगी, आणि हातांना कायमच्या सुरकुत्या. गाव तिला हमामवाली म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, पाठीमागं म्हणायचं, तिच्या पोरांनाही हमामवालीची पोरं म्हणायचं. पोरगा मोठा झाला, मालमोटार चालवायला लागला. त्याचं नाव जलूल. बहिणीचं लग्न ठरलं तसं त्यानं कर्ज काढलं, बूझियानसारखा गवई बोलावला आणि गल्लीभर मांडव घातला. गाणं रंगात आलं, आणि जलूल उठून बेनावदापाशी आला.

"थांबव."

हात वर गेला. बेनावदानं कान पुढं केला. जलूल बोलला, आणि बेनावदानं कान मागं घेतला.

"आईसाठी देऊ. 'जलूलच्या आईसाठी' म्हणतो ना."

"नाव घे."

"वेडा आहेस का? पुरुषांत? अरे, उद्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिच्या नावानं हाका मारतील."

"मारू देत. हमामवाली म्हणून मारतातच की. माझ्या आईला नाव आहे, बेनावदा. ते ह्यांनी एकदा ऐकलंच पाहिजे."

आमच्याकडे चारचौघांत आईचं नाव घेत नाहीत, हे काय सांगायला हवं. शाळेतल्या निम्म्या मारामाऱ्या एवढ्याच कारणावरून होतात की कुणाला कुणाच्या आईचं नाव कळलं. मोठमोठे मिशीवाले आईचं नाव विचारलं की घसा खाकरतात. आणि हा पोरगा म्हणतो, माईकवर घे. गाणं थांबलेलं, ढोल थांबलेला, सगळा मांडव बघतोय. पण पुकारा देणाऱ्याचं एकच काम असतं, दिलेला शब्द जसाच्या तसा बाहेर काढायचा. त्यानं श्वास घेतला.

"हा पुकारा जलूलकडून, त्याच्या आईसाठी. सत्तीसाठी. सत्ती, जिनं दोन पोरं हाताची कातडी सोलून वाढवली. आणि जे म्हणाले हमामवालीच्या दारात मांडव पडणार नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून."

मग वर गच्चीवरून, बायकांच्या बाजूनं, लग्नात बायका जीभ हलवून देतात तशी एक किलकारी उठली आणि पाठोपाठ सगळ्यांच्या. खाली म्हातारे आठवडाभर बडबडले. बेनावदाला मशिदीबाहेर दोघांनी सुनावलं. पण त्या दिवसापासून तिला हमामवाली म्हणताना गावाची जीभ अडखळायला लागली. मीही तिला सत्तीच म्हणणार. ज्याला लाज वाटते त्यानं कान झाकावेत.

पुढं ती काळी वर्षं आली, आपल्याच माणसांनी आपली माणसं मारण्याची. रात्री रस्ते ओस, लग्नं दाराआड, गाणं हळू. लोक बेनावदाला म्हणायचे, आमचं नाव नको घेऊस, नुसतं 'गल्लीतला एक जण' म्हण. अशाच एका दिवशी जलूलची मालमोटार डोंगरातल्या रस्त्यावर कुणीतरी अडवली. गाडी मिळाली, जलूल मिळाला नाही. पुरायलाही काही नव्हतं. सत्तीकडे उरली ती लग्नाची कॅसेट. त्यावर जलूलचा आवाज नव्हता, बेनावदाचाच होता. पण शब्द जलूलचे होते. रोज दुपारी कॉफी झाली की ती कॅसेट लावायची, पुकाऱ्यापर्यंत ऐकायची, आणि बंद करायची. पुढचं गाणं तिनं क्वचितच ऐकलं असेल.

कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, चकत्या गेल्या, आणि सगळं गाणं फोनात शिरलं. लग्नात गवयाच्या जागी एक टेबल आलं, दोन उंच स्पीकर, आणि टेबलामागं मान हलवणारा एक तरुण. तिथं थांबवायचं कुणाला? बेनावदा सुरुवातीला गेला काही लग्नांना. हात वर केला. स्पीकर काय हात बघतो? गाणं आपलं चालूच. पोरं समजली काका नाचतोय, त्यांनी टाळ्यांचा ताल धरला. तो घरी आला आणि झोहराला म्हणाला, "आज मी नाचलो म्हणे." तिनं ताट वाढलं.

मग तो टॅक्सीतळावर उभा राहायला लागला. ओरान, ओरान, एक जागा, एकच जागा. आवाज तोच. तळावरचे चालक म्हणायचे, बेनावदा ओरान असं म्हणतो की माणसाला काम नसलं तरी जावंसं वाटतं.

वसंतातल्या एका सकाळी तळावर निरोप आला, सत्तीनं बोलावलंय. तो गेला. ती अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसली होती, ऐंशी उलटलेली, हातांच्या सुरकुत्या आता चेहऱ्यावरही. शेजारी तिचा नातू रेदा. ज्या लग्नात तो पुकारा झाला त्याच लग्नातल्या नवरीचा हा मुलगा, आता तिशीचा, आणि लग्नांत टेबलामागं मान हलवणाऱ्यांपैकी गावातला पहिल्या नंबरचा.

"बस, बेनावदा," सत्ती म्हणाली. "तू मेलास हे मला कुणी सांगितलं नाही."

"कोण म्हणतं, हाज्जा?" बेनावदानं आदरानं विचारलं.

"ह्याचा फोन म्हणतो. रेदा, लाव."

रेदानं फोन पुढं धरला. बूझियानचं गाणं. काय स्वच्छ आवाज, काचेसारखा. कॅसेटची खरखर नाही, भांड्यांचा आवाज नाही, कुणाचा खोकला नाही. बेनावदा मान डोलावत ऐकत राहिला. ती जागा आली जिथं हात वर गेला होता. गाणं तिथून सरळ पुढं निघून गेलं. पुढच्या जागीही गेलं. संपलं.

"मी कुठं आहे?" बेनावदानं विचारलं.

"काका, आजीची कॅसेट यंत्रात अडकून चुरगळत होती," रेदा सांगायला लागला. "मी ती फोनात घेतली. आता असा प्रोग्राम येतो, तो गाणं वेगळं काढतो आणि बाकीचा गोंगाट पुसतो. इंटरनेटवर टाकलंय. लाखभर लोकांनी ऐकलं. कॅनडातून लोक लिहितात, असा बूझियान आम्ही कधी ऐकलाच नव्हता."

"गोंगाट," बेनावदा म्हणाला.

"म्हणजे तसं नाही, काका. प्रोग्रामला बोलणं कळत नाही. त्याला वाटतं जाहिरात आहे."

"मूळची कॅसेट कुठाय?"

रेदानं मान खाली घातली. फोनात आली म्हणून टाकून दिली होती. आणि फोनात जे कच्चं उतरवलं होतं ते जागा भरली म्हणून पुसलं होतं.

सत्ती इतका वेळ लिंबाच्या पानांकडे बघत होती. तिनं नातवाकडे बघितलं. "एक सांग. यंत्रानं काढलं, का तू काढलंस?"

"आजी, मी म्हटलं ना..."

"मी तुझ्या आईची पाठ घासलीय, तुझीही घासलीय. खोटं बोलताना तुझ्या कानामागं लाल होतं. यंत्रानं, का तू?"

मग रेदानं सांगून टाकलं. यंत्रानं थोडं काढलं होतं, बाकीचं त्यानं. सगळं जगासमोर जाणार, त्यात आजीचं नाव. मित्र ऐकणार. तळावरची, बाजारातली, कुणीही पोरं 'सत्ती, सत्ती' म्हणत फिरणार. नुसता तिचाच पुकारा काढला असता तर लोकांनी विचारलं असतं, इथंच का तुटलं, म्हणून त्यानं सगळेच काढले.

"तुझ्या अब्रूसाठीच केलं, आजी."

"माझ्या अब्रूसाठी माझं नाव पुसलंस." सत्तीचा आवाज चढला नाही. "तुझ्या मामाला लाज वाटली नाही. तेव्हा तो तुझ्याहून लहान होता."

बेनावदानं त्यानंतर गाव पालथं घातलं. एके काळी घरोघर होती ती कॅसेट, एखादी तरी उरली असेल. न्हाव्यानं पोत्यानं भंगारात दिल्या होत्या. बसवाल्याच्या पोरानं त्यावर फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन उतरवलं होतं. गावाबाहेरच्या द्राक्षमळ्यात त्याला कॅसेटी सापडल्या, म्हणजे त्यांच्या तपकिरी फिती, वेलींवरून लांबच्या लांब ताणलेल्या. वाऱ्यावर फडफडतात, चमकतात, पाखरं येत नाहीत. मळेवाला म्हणाला, फार गुणकारी. बेनावदा एक फीत दोन बोटांत धरून उभा राहिला. कुणास ठाऊक, तिच्यात त्याचाच आवाज असेल, पाखरांना हाकलत.

रेदा तळावर आला. बिचारा वाईट पोरगा नव्हता. त्यानं तोडगा काढला होता.

"काका, माझ्याकडे चला. माईक चांगला आहे. तोच पुकारा पुन्हा द्या, मी त्या जागी बरोब्बर चिकटवतो. कॅसेटची खरखरही मागून घालता येते. आजीला फरक कळणारसुद्धा नाही. फक्त तिच्यासाठी, तिच्या फोनात. बाहेर जाणार नाही."

"कुणाकडून देऊ?"

"जलूलमामाकडून."

"जलूल कुठाय?"

रेदा खिशातला फोन चाचपायला लागला.

"हे बघ, बाळा," बेनावदा म्हणाला, आणि ओरानच्या टॅक्सीला त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. "मी माझ्या मनानं आयुष्यात एकही पुकारा दिला नाही. समोर माणूस उभा राहतो, जिवंत, चार लोकांच्या देखत, आपल्या तोंडानं सांगतो, ह्याच्यासाठी म्हण, त्याच्या नाकावर टिच्चून म्हण. आणि जे काही होईल ते अंगावर घेतो. मग मी ओरडतो. मेलेल्या पोराच्या नावानं बंद खोलीत ओरडून चिकटवलं तर ती फसवणूक झाली. मला तुझ्या यंत्रानं पुसलं तरी चालेल. खोटा करू नकोस."

"मग आजीचं काय?"

"ते तू मला विचारतोस?"

रेदा गेला. बेनावदानं त्या दिवशी ओरान असं काही पुकारलं की चालकांनी विचारलं, कुणावर चिडलायस. तो म्हणाला, सगळ्यांवर.

उन्हाळ्यात रेदाच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आमेल तिचं नाव. मांडव त्याच गल्लीत, बायका त्याच गच्चीवर. सत्तीनं आमंत्रण देताना बेनावदाला निक्षून सांगितलं, "पाहुणा म्हणून येऊ नकोस. कामाला ये." झोहरानं त्याचा जुना पांढरा अंगरखा ट्रंकेतून काढला, इस्त्री केली आणि म्हणाली, "पुन्हा नाचून आलास तर घरात घेणार नाही."

उन्हं उतरायला लागली होती. कुसकुसचं जेवण झालं, चहा झाला, पोरं नाचायला लागली. टेबलामागं रेदा, बहिणीचं लग्न म्हणजे दुसऱ्या कुणाला तो हात लावू देणार नव्हता. संगीत चाललं होतं, आजकालचं, छातीत धडधडणारं. मग त्यानं बूझियान लावला, तोच, स्वच्छ केलेला. म्हातारे खुर्च्यांत सावरून बसले.

बेनावदा उठला. मांडवाच्या मध्ये गेला आणि उजवा हात वर केला.

गाणं चालू राहिलं. पोरांनी त्याच्याभोवती फेर धरला, कुणीतरी खांद्यावरून हात टाकला, फोन वर झाले. "वा काका, अजून दम आहे." तो हलला नाही. हात सरळ वर, तळवा उघडा, नजर रेदावर. एक कडवं गेलं. फेर धरणाऱ्यांची पावलं जरा मंदावली. दुसरं कडवं गेलं. म्हाताऱ्यांपैकी एक जण उठला आणि टाळी वाजवणाऱ्या पोराचे हात त्यानं धरले. मग सगळे समजले, निदान चाळिशीच्या पुढचे सगळे. जो तो जागच्या जागी थांबला. बेनावदाचा खांदा थरथरायला लागला होता. वय झालेलं, लपणार किती? पण हात खाली आला नाही. अख्ख्या मांडवात आता एकटं गाणंच चालत होतं, आणि रेदा त्याच्या बटणाकडे बघत होता.

गच्चीच्या जिन्यावरून काठीचा आवाज आला. सत्ती खाली उतरत होती, एकेक पायरी. ती पुरुषांच्या मांडवात आली, वाट आपोआप झाली. टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"थांबव."

"आजी, लोक नाचतायत."

"एकही नाचत नाही. मान वर करून बघ."

रेदानं मान वर केली. मग त्यानं बटण दाबलं. एवढी शांतता त्या गल्लीत कित्येक वर्षांत झाली नव्हती. शेजारच्या घरात नळ गळत होता तो ऐकू यायला लागला.

बेनावदानं विचारलं, जसं तो नेहमी विचारायचा, "कोण बोलतंय?"

सत्ती त्याच्यापाशी आली, आणि रुमालाची गाठ सोडून तिनं नोट त्याच्या मुठीत दिली. "मी. माझ्या पोरासाठी." आणि ती त्याच्या कानाशी बोलली. बेनावदानं माईक घेतला नाही.

"हा पुकारा आईकडून, जलूलसाठी. जो ह्या गल्लीतून गाडी घेऊन गेला आणि ज्याला कबरसुद्धा मिळाली नाही. त्याचं नाव आज त्याच्या भाचीच्या मांडवात घेतलं जातंय. ज्यांना वाटलं रस्त्यात अडवून माणूस पुसता येतो, त्यांच्या नाकावर टिच्चून."

वर गच्चीवर कुणी किलकारी दिली नाही. खाली म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले. त्या वर्षांबद्दल आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत, आणि ही बाई भर लग्नात बोलली होती. पण कुणी तिला थांबवलं नाही. ती वळली आणि जिन्याकडे निघाली, कारण तिचं काम झालं होतं. स्वतःच्या नावाचा पुकारा कुणी स्वतः मागत नसतं.

बेनावदाचा हात अजून वरच होता.

"काका, आता लावू?" रेदानं विचारलं. बेनावदा त्याच्याकडेच बघत राहिला. रेदाचं बोट बटणावर होतं. समोर फोनच फोन, प्रत्येकाचा डोळा उघडा. यातलं जे काही होईल ते संध्याकाळपर्यंत गावभर, उद्या कॅनडापर्यंत. हे त्या मांडवात त्याच्याइतकं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कानामागं लाल झालं होतं, ते सगळ्यांना दिसलं. त्यानं बोट उचललं, टेबलामागून बाहेर आला, खिशातून नोट काढली आणि बेनावदाच्या मुठीत दिली.

बेनावदानं कान पुढं केला. ऐकलं. कान मागं घेतला.

"'माझ्या आजीसाठी' म्हणू ना?" त्यानं मुद्दाम विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही," रेदा म्हणाला. "नाव घ्या."

"ह्यांचे फोन चालू आहेत, बाळा."

"चालू असू देत."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काठी थांबली.

"हा पुकारा रेदाकडून," बेनावदा ओरडला, आणि आवाज असा निघाला की टॅक्सीतळावरसुद्धा ऐकू गेला म्हणतात, "त्याच्या आजीसाठी. सत्तीसाठी. जिच्या हातांनी ह्या गावाच्या निम्म्या आया घासून स्वच्छ केल्या. जिला जलूलनं नाव दिलं आणि नातवानं ते पुसलं, आणि आज तोच नातू ते परत देतोय. सत्ती. ज्यांना हे नाव ऐकायची लाज वाटते, त्यांच्या नाकावर टिच्चून. आणि त्यांत सगळ्यांत आधी रेदाच्या स्वतःच्या."

हे शेवटचंही रेदानंच सांगितलं होतं, बेनावदानं पदरचं काही घातलं नव्हतं. वरच्या गच्चीवर नवरीनं स्वतः, मेंदीच्या हातांनी तोंड झाकायचं विसरून, पहिली किलकारी दिली. मग जे उसळलं ते सांगता येणार नाही. दोन पोरं नोटा घेऊन धावत आली, एकाला आपल्या आईचं नाव घ्यायचं होतं, आणि त्याचा बाप त्याला मागून ओढत होता.

रेदा डोळे पुसत टेबलाकडे पळाला, गाणं पुन्हा लावायला. "थांब," कुणीतरी म्हातारा त्याला म्हणाला. "हात बघ."

सत्ती जिन्यावर उभी होती, कठड्याला टेकून, डोळे मिटून, जशी रोज दुपारी कॅसेटपाशी बसायची तशी. हात खाली आल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, हा नियम. बेनावदानं तिच्याकडे बघितलं, आणि खांदा कितीही दुखत असला तरी हात खाली घ्यायला चांगला वेळ लावला.